आबांचं वजन

नळी उघडत नाहीये, असं रूपाली मॅडम म्हणाल्या आणि मला आधी वाटलं त्या मशीनबद्दल बोलताहेत. आपल्याकडे काहीही बिघडलं की मशीनच बिघडलेलं असतं. धुळ्याच्या त्या कॉलेजातल्या अंधाऱ्या खोलीत मी उपाशीपोटी उताणा पडलो होतो. उजवा हात बाजूच्या फळीवर पसरलेला, कोपराखाली आवळलेला पट्टा, कोपराच्या वर दंडावर थंडगार जेल, आणि त्यावर मॅडमनी टेकवलेला सोनोग्राफीचा ठोकळा. हाताला मुंग्या येऊन येऊन शेवटी तो हात माझा नाहीच असं वाटायला लागलं, तेव्हा त्यांनी पट्ट्यातली हवा फस्सकन सोडली. अडलेलं रक्त धावत सुटतं आणि दंडातली नळी त्याला वाट देण्यासाठी रुंद होते, तरण्या माणसाची तर चांगलीच होते, हे त्यांनी मला पहिल्या दिवशीच समजावलं होतं. पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा होत्या आणि मध्ये काळा पट्टा. तो काळा पट्टा म्हणजे मी. तो होता तेवढाच राहिला. मॅडमनी ठोकळा थोडा सरकवला, पुन्हा पाहिलं, जीभ टाळ्याला लावून च्‌ केलं. "मागच्या वेळी याच्यापेक्षा बरी होती," त्या म्हणाल्या. "कुंदन, खरं सांगा. आपला व्यायाम सोडून बाहेर कुठं जड वजनं मारता का?" मला राग आला. तीन महिने मी शाळेतल्या पोरीसुद्धा हसतील असे डंबेल्स इमानदारीत हलवले होते. "नाही मॅडम," मी म्हणालो, "बाहेर मी काहीसुद्धा उचलत नाही." आणि हे बोलताना माझ्या मनात खोटं नव्हतं.

प्रकार असा होता की मॅडमना त्यांच्या अभ्यासासाठी व्यायाम न करणारी तरणी पोरं हवी होती. जळगावातल्या एका जिममध्ये आम्हाला गोळा केलं आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक गट जड वजनं थोड्या वेळा उचलणार, दुसरा हलकी वजनं पुष्कळ वेळा. कोणत्या गटाच्या रक्तवाहिन्या जास्त मोकळ्या होतात ते बघायचं. व्यायाम जळगावात आणि तपासणी धुळ्यात, कारण मशीन तिकडे. मी मोबाईलच्या दुकानात काम करतो, स्क्रीन बदलतो, दिवसभर डोकं खाली घालून बारीक स्क्रू फिरवतो. मला बॉडी वगैरे करायची हौस कधीच नव्हती. मी गेलो ते भीतीनं. सांगायला लाज कसली? आबांना अठ्ठेचाळीसाव्या वर्षी लकवा झाला. रावेरकडच्या आमच्या गावात ज्या माणसासारखा केळीचा घड कुणी उचलत नव्हतं तो माणूस बागेच्या सारीत, झाडांच्या दोन ओळींमधल्या चरात, पडला आणि उठला तो अर्धाच. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडकलं. प्रेशर होतं म्हणे, कित्येक वर्षांपासून असणार, पण तपासलं कुणी? मग मालिश-व्यायामासाठी त्यांना जळगावात आणलं. तेव्हापासून माझ्या हाताला जरा मुंग्या आल्या तरी मी आरशात तोंड वाकडं झालं का ते बघतो. दुकानात एक गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणालं की धुळ्याच्या एक मॅडम रक्ताच्या नळ्या तपासतात, आणि मी दुसऱ्या दिवशी हजर. मला हलका गट निघाला. जिममधले पंडित सर, ज्यांचे दंड माझ्या मांडीएवढे, ते मला म्हणाले, "तू रे भो पापड लाटायला आला का?" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार? पण मनातून मला हलका गट निघाला याचं बरंच वाटलं होतं. जड वजन घरी होतंच की, असा विचार मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. खरंच आला नाही.

तो विचार त्या अंधाऱ्या खोलीत आला. मॅडम माझ्या दंडावरचं जेल पुसून टाकत होत्या आणि सहज विचारावं तसं विचारत होत्या. सकाळी उठल्यापासून काय काय करता, सांगा बरं? आणि मी सांगत गेलो. उठतो. आबांना संडासात नेतो. आबांना आंघोळीला बसवतो. चहा घेतो. दुकानात जातो. दुपारी जेवायला येतो, आबांना कूस बदलून देतो. संध्याकाळी आबांना खाली नेतो, कारण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि वरच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात. मग वर आणतो. मॅडमचा हात थांबला. "नेतो म्हणजे कसं नेता?" "उचलून," मी म्हणालो. "दोन्ही हातांवर घेऊन?" "हो." "जिन्यानं?" "मग काय, उडत?" हे मी मोठ्यानं बोललो आणि जीभ चावली. मॅडमनी दिवा लावला. उजेडात त्या माझ्याच वयाच्या दिसल्या, थकलेल्या, केस विसकटलेले. त्यांनी विचारलं, "किती वजन असेल वडिलांचं?" आणि मला असं झालं की कुणीतरी भर रस्त्यात माझ्या बापाचा सदरा काढला.

आता हे कुणाला कसं समजवायचं? आमच्याकडे केळीची कापणी चालू असते तेव्हा घड वाहणारी माणसं "जड" हा शब्द तोंडातून काढत नाहीत. खांद्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, पायाखाली चिखल, आणि बागेतून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत चालायचं. घड मोठा असला तर म्हणायचं "भरलेला हाये." जड म्हटलं की पाय कचरतात आणि पाय कचरले की घड पडतो, घडाला मार बसला की माल गेला. नवीन पोरगं चुकून जड म्हणालं तर सगळी टोळी त्याला दिवसभर पिडायची. आबा त्या टोळीचे म्होरके होते. लहानपणी सुट्टीत मी पहिला घड खांद्यावर घेतला, माझ्या मानेतून कळ गेली, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तेव्हा आबा मागून म्हणाले, "दम धर अन् चाल." दम धरायचा म्हणजे खरोखरच श्वास छातीत कोंडून धरायचा आणि ट्रकपाशी पोचल्यावर सोडायचा. मी तसाच चाललो. आबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्या थापेची ऊब अजून माझ्या पाठीवर आहे. पंडित सर पहिल्या दिवसापासून ओरडत होते, श्वास कोंडू नका, उचलताना सोडा, कोंडलात तर प्रेशर चढतं. जिममध्ये मी सोडायचो. घरी आबांच्या गुडघ्याखाली आणि बगलेखाली हात घातला की आपोआप छाती भरून घ्यायचो आणि जिना संपेपर्यंत धरून ठेवायचो. ते उचलणं मी कधी व्यायामात धरलं नाही, वजनात धरलं नाही, कशातच धरलं नाही. आई झाडून काढते, मी आबांना उचलतो. बापाला कुणी वजन म्हणतं का?

म्हणालो मात्र. त्या खोलीत, उजेडात, मॅडमच्या तोंडाकडे न बघता मी म्हणालो, "जड आहेत मॅडम. खूप जड आहेत." आबा पडल्यापासून मी हे कुणाला म्हणालो नव्हतो, आईला नाही, मोठ्या बहिणीला, नूतनताईला नाही, स्वतःलासुद्धा नाही. एकदा तोंडातून निघालं आणि मग अंग असं सैल पडलं की मला त्या टेबलावरून उतरवेना. मॅडम चांगल्या होत्या, मी त्यांना बोल लावणार नाही. त्यांनी पाणी दिलं, प्रेशर तपासलं, पुन्हा तपासलं. "या वयाला हे वर आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, एका माणसावरून असं काही सांगता येत नाही. पण श्वास कोंडून रोज एवढं उचलणं बरं नाही. तुमच्या घरात आधीच एकाला झालेलं आहे." मग जरा घुटमळून त्यांनी सांगितलं की माझी मापं आता अभ्यासात धरता येणार नाहीत. मी हलक्या गटात होतो आणि घरी जड गट चालवत होतो. मला हसू आलं. म्हणाल्या, मदतीला कुणी ठेवा, तळमजल्यावर घर बघा. हो हो म्हणालो. बाहेर शिपाई झिपरू बसला होता, त्यानं माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "काय व्हयनं भाऊ? बठ्ठं ठीक शे ना?" मीही त्याच्याच अहिराणीत सगळं ठीक म्हणून टाकलं, "बठ्ठं ठीक शे," आणि बसस्टँडकडे चालायला लागलो.

बसमध्ये खिडकीतून झळा येत होत्या. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी आपला उजवा दंड डाव्या हातानं दाबत बसलो होतो. याच्या आत एक नळी आहे आणि ती उघडत नाही. तरण्या माणसाची उघडते. म्हणजे मी तरणा नाही. आबांच्या आतली नळी अशीच असणार, कुणी बघितली नाही एवढंच, आणि ते घड वाहत राहिले. मी मरण्याला भीत होतो का? नाही. अर्धं होण्याला भीत होतो. मी आबांसारखा आडवा झालो तर आबांना कोण उचलणार, आणि मला कोण उचलणार? आईचे गुडघे गेलेले. खालच्या मजल्यावरच्या हितेंद्रनं एकदा हौसेनं मदत केली होती, आबांचे पाय धरले होते. आबा असे घाबरले की त्यांनी चांगल्या हातानं जिन्याचा कठडा धरला तो सोडेचनात, आणि आम्ही तिघं मधल्या पायऱ्यांवर तसेच अडकून बसलो. त्यानंतर आबांनी दुसऱ्या कुणाचा हात लावून घेतला नाही. नूतनताई पाचोऱ्याला असते, तिचं घर खालीच आहे. ती फोनवर दर वेळी म्हणते की आबांना माझ्याकडे आण. आबा लेकीच्या घरचं पाणी घोटभर पितात ते ती रडू नये म्हणून, तिथं जाऊन राहणं तर सोडाच. गावाला परत जावं तर तिथं मालिश-व्यायाम करवून घेणारा कोण, आणि मी गावात कुणाच्या स्क्रीन बदलणार? मी सगळी दारं ठोठावून पाहिली त्या बसमध्ये. एकही उघडलं नाही. जळगाव आलं तेव्हा मला आबांचा राग आला होता. असा राग की मला माझीच भीती वाटली.

आई स्वयंपाकघरात उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी थापत होती. पलीकडच्या खोलीत आबांचा टीव्ही मोठ्यानं चालू होता, बाजारभावाचं काहीतरी. "काय म्हने रे मॅडम?" आईनं विचारलं. मी उपाशी होतो, उन्हानं डोकं उठलं होतं, आणि मी बोललो. "काय म्हणणार? माझी नळी म्हाताऱ्या माणसासारखी झाली. प्रेशर चढलं. आबांना उचलून उचलून. आणखी थोडे दिवस उचला म्हणावं, मग मीही आडवा होतो त्यांच्या शेजारी, मग तू दोघांना उचल." आईची भाकरी तव्यावर पडायच्या आधी हातातच दुमडली. तिनं खोलीच्या दाराकडे बघितलं. मी म्हणालो, "टीव्ही चालू आहे, ऐकू जात नाही त्यांना." का म्हणालो असं? आबांचं अर्धं अंग गेलं होतं, कान दोन्ही शाबूत होते. संध्याकाळी त्यांना खाली न्यायला गेलो तेव्हा त्यांनी चांगला हात हलवून नको म्हटलं. मी म्हणालो, चला, गुपचूप. उचललं, छाती भरून घेतली, आणि जिना उतरलो. रोजच्यासारखंच.

मग दिवस गेले. आपण काहीतरी भयंकर ऐकून येतो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडावंच लागतं, गिऱ्हाईक फुटलेली स्क्रीन घेऊन येतंच. मॅडमच्या यादीतून नाव गेलं तरी पंडित सर म्हणाले, येत जा रे, पापडवाला नसला की करमत नाही. मी जात राहिलो. हलके डंबेल्स, श्वास सोडत. घरीही प्रयत्न करून आबांना उचलताना श्वास सोडायला शिकलो. आणि खरंच फरक पडायला लागला. आधी जिन्याच्या वळणावर मला टेकावं लागायचं, भिंतीला पाठ लावून. एके संध्याकाळी लक्षात आलं की आपण टेकलोच नाही. मग मांड्यांची थरथर गेली. मग कमरेतली कळ गेली. मी म्हटलं, वा रे पापड! दुकानात शिटी वाजवायला लागलो, मालक म्हणाला लग्न ठरलं का काय. लग्नाचा विचारसुद्धा आला, लपवून काय ठेवायचं. आबा पडल्यानंतर पहिल्यांदाच मला पुढचं वर्ष असल्यासारखं वाटलं. आबा त्याच सुमारास जेवणावर कुरकुर करत होते, पण ते दिवस उन्हाचे, जळगावच्या उन्हात कुणाला जेवण जातं? "मले भूक नही," म्हणायचे, म्हणजे तसं काहीतरी तोंडातल्या तोंडात, आणि आई ताट उचलून न्यायची. मी माझ्या ताटात भरीत ओढून घ्यायचो. मला तर हल्ली भूकच भूक लागायची.

मॅडमचा फोन आला तो स्वतःहून. अभ्यासात धरणार नाही पण तुमची काळजी वाटते, पुन्हा एकदा येऊन जा. गेलो. तीच खोली, तोच अंधार, तोच पट्टा. हाताला मुंग्या आल्या, हात माझा नाहीसा झाला, हवा सुटली, आणि मी मान वळवून पडद्याकडे बघत राहिलो. दोन पांढऱ्या रेघा हळूच एकमेकींपासून लांब झाल्या. मॅडम काही बोलण्याच्या आधीच मला कळलं. "अरे वा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम पोरीसारखा झाला. "उघडली की! प्रेशरसुद्धा खाली आलं. एकाच मापावर जायचं नाही, हे दिवसादिवसाला बदलतं, पण चांगलं आहे. मदतीला कुणी ठेवलं का?" मी म्हणालो, "नाही, मीच उचलतो. पण आता दम लागत नाही." त्या म्हणाल्या, "मग जे करताय तेच चालू ठेवा." मी त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. झिपरूला चहा पाजला. बसमध्ये उभं राहावं लागलं तरी मला काही वाटलं नाही.

घरी आलो तो थेट आबांच्या खोलीत. पलंगाच्या काठावर बसलो, त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. म्हटलं, आबा, माझी नळी उघडली. प्रेशर उतरलं. मॅडम म्हणाल्या जे करताय तेच चालू ठेवा. बघा ना, हल्ली तुम्हाला जिन्यावरून आणतो तर टेकतसुद्धा नाही, फुलासारखे येता. आबांचे डोळे भरले. अर्धं तोंड हसलं, पार डोळ्यापर्यंत हसलं, आणि त्यांनी चांगल्या हातानं पलंगाच्या कडेवर तीनदा थाप मारली, घड नीट ट्रकमध्ये बसला की मारायचे तशी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी आईला हाक मारली, आज वरण-बट्टी कर, आबांची आवडती. आई दारात येऊन उभी होती. तिच्या तोंडावर आनंद नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हती, ती आबांच्या हाताकडे बघत होती, माझ्या हातात होता त्या हाताकडे. मग मीही बघितलं. मनगटाचं हाड वर आलं होतं. एवढं मोठं मनगट, त्यावर लहानपणी माझ्या दोन मुठी बसायच्या, आणि आता माझी बोटं त्याच्याभोवती फिरून एकमेकांवर चढली होती.

मी स्वयंपाकघरात गेलो. आईनं बट्टीची कणीक मळायला घेतली होती आणि ती मळतच राहिली. "कवापासून?" मी विचारलं. मला वाटतं मी तेव्हाच गावच्या बोलीत गेलो. ती म्हणाली, "तू धुय्याहून आला ना तवापासून. त्याही दिशी भाकर नही घेतली. दुसऱ्या दिशी अर्धी घेतली. म्हने, पोराले जड जाते. म्हने, अर्धा तं मी मेलोच हाये, ते अर्धं वजन त्यानं काहून वागवावं." मी म्हणालो, "अन् तू मले सांगतलं नही?" आईनं कणीक तशीच टाकली. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, मग पुन्हा पुसले. "सांगू नको म्हने. हात जोडे माह्यापुढं, एका हातानं कसे जोडावे, तरी जोडे. अन् तू जिन्यावरून शिटी वाजवत ये. मी पाहे तुह्याकडे, अन् पाहे त्याहीच्याकडे. मले काय करू ते सांग. एकाले जेवाड म्हनलं तं दुसरा पडते. मी तुले वाचवलं रे. मी आई हाये, मी तुले वाचवलं, अन् ते रोज कमी व्हत गेले." ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी देता आलं असतं. तिनं पुन्हा कणीक ओढली आणि मळायला लागली.

बट्टी झाली. मी स्वतः ताट घेऊन गेलो, तुपात चुरली, वरण ओतलं, घास केला. आबांनी ओठ मिटले. वाकड्या बाजूनं ओठ नीट मिटत नाहीत, तिथून वरण गळायचं नेहमी, पण त्या दिवशी त्यांनी चांगल्या हातानं ती बाजूही दाबून धरली. मी चिडलो. म्हटलं, हे काय चालवलंय? मी जिवंत राहायचं आणि तुम्ही जायचं, हा कुठला हिशोब? मी पाया पडलो. मी शपथा घातल्या. मी म्हणालो ती मॅडम काही देव नाही, ती स्वतः म्हणते नक्की सांगता येत नाही म्हणून. नूतनताईला फोन लावला, ती पलीकडून धाय मोकलून रडली, मी फोन त्यांच्या कानाला लावून ठेवला. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझं मन राखायला एक घास घेतला, चावत राहिले, आणि आई आत गेल्यावर टॉवेलात काढून ठेवला. डॉक्टरांना आणलं, त्यांनी सलाईन लावलं, आबांनी सुई ओढून काढली. डॉक्टर म्हणाले, ॲडमिट करा, नाकातून नळी घालू. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी डॉक्टरांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो आणि काहीच ठरवलं नाही. माझ्या बापाला मी ओळखतो. बाग वादळात आडवी झाली तरी तो माणूस कापणीला उभा राहायचा. त्याच्या अंगात आता उभं राहण्यासारखं दुसरं काही उरलेलं नव्हतं, एवढं एकच काम हाताशी होतं, आणि ते तो चोख करत होता.

मी आबांना अजून रोज खाली नेतो. काल संध्याकाळी नेलं. गुडघ्याखाली हात घातला, बगलेखाली हात घातला, आणि उचलताना मला काही करावंच लागलं नाही. श्वास कोंडावा लागला नाही, सोडावा लागला नाही. त्यांची बरगडी माझ्या छातीला टोचत होती. वळणावर त्यांनी तोंड माझ्या कानाजवळ आणलं आणि विचारलं. हल्ली त्यांचं बोलणं आईशिवाय कुणाला कळत नाही, पण हे मला स्वच्छ कळलं. "कुंदन, आते हलका लागतो ना?" मी तिथंच थांबलो. हो म्हणावं तर त्यांना वाटेल काम होतंय, उद्या उरलेला घासही सोडतील. नाही म्हणावं तर त्यांना वाटेल अजून पुरं झालं नाही, तरी उद्या उरलेला घास सोडतीलच. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो, त्यांना हातांवर घेऊन, आणि मला दम लागला नाही. ते वाट बघत होते. शेवटी मी उरलेल्या पायऱ्या उतरलो आणि पार्किंगमधल्या खुर्चीत त्यांना ठेवलं. आई एका हातानं कठडा धरत, दुसऱ्या हातात ट्रे घेऊन कशीबशी आली, दोन कप चहा आणि बशीत बिस्किटं. आबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या दंडाकडे, मग बशी चांगल्या हातानं हळूहळू माझ्याकडे सरकवली. "खाय," ते म्हणाले. मी दुकानातून आलो होतो, दुपारी आबांची कूस बदलून न जेवताच परत गेलो होतो. मी सगळी बिस्किटं खाल्ली.